पोतं किती दिवस पुरतं ते आधी मोजा

(जिल्हा मेळाव्यात परसातल्या कोंबड्यांच्या खाद्यावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. आता थोडा वेळ कोंबड्यांसाठी द्या. विषय लहान वाटेल, पण घराचा हिशेब मांडून पाहा. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि घरात येण्याआधीच सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, लग्नकार्य यांत वाटला गेलेला असतो. अंड्याचा पैसा दर आठवड्याच्या बाजाराला येतो आणि बहुतेक घरांत तो बाईच्या हातात राहतो. तेल-मीठ, पोरांच्या वह्या, दवाखान्याला जायचं एसटीचं भाडं त्यातून निघतं. या पैशाला गळती कुठे लागते ते आज पाहायचं आहे. ती लागते खाद्याच्या पोत्याला.

कोंबडी फुकटात पोसते असं आपण म्हणतो. उकिरडा उकरणाऱ्या, वर्षाला साठ-सत्तर अंडी देणाऱ्या देशी कोंबडीपुरतं ते बरचसं खरं आहे. पण आता गावोगाव गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती आल्या. त्या जास्त अंडी देतात आणि जास्त मागतात. उन्हाळ्यात रान उघडं पडतं, वेचायला काही उरत नाही. खरिपात कापसावर फवारणी सुरू झाली की कोंबड्या कोंडून ठेवाव्या लागतात. मग विकतचं खाद्य घ्यावंच लागतं.

पहिला हिशेब पोत्याचा

दिवसभर कोंडलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी ४० ग्रॅम वरखाद्य पुरतं असं धरा. घरात दहा कोंबड्या आहेत. दिवसाला ४०० ग्रॅम, महिन्याला १२ किलो झाले. दुकानदार सांगतो, पन्नास किलोचं पोतं घ्या, किलोमागे स्वस्त पडतं. पन्नास भागिले बारा करा. पोतं चार महिने पुरणार. म्हणजे मृगाला आणलेलं पोतं दसऱ्याच्या आसपास संपणार, आणि मधले सगळे महिने पावसाचे!

दळलेलं खाद्य हे ज्वारीसारखं टिकत नाही. ज्वारीच्या दाण्याला साल आहे, साल शाबूत तोवर दाणा तग धरतो. खाद्य भरडलेलं असतं. त्यातलं तेल उघडं पडतं आणि खवट होतं, जीवनसत्त्वं दिवसागणिक कमी होतात, आणि हवेतला ओलावा ते शोषून घेतं. म्हणून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात खाद्य कारखान्यातून निघाल्यापासून महिन्याच्या आत संपलं पाहिजे. त्यातले किती दिवस दुकानातच गेले तेही त्यात धरायचे.

समजा मोठ्या पोत्यामागे शंभर रुपये वाचले. शेवटचं पंधरा किलो सादळलं आणि उकिरड्यावर टाकावं लागलं, तर पोत्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. तेव्हा स्वस्त कोणतं पडलं?

यावर उपाय साधा आहे. चार घरांनी मिळून एक पोतं घ्यायचं आणि आणल्या दिवशी तोलून वाटून घ्यायचं. बचत गट आहेतच. कर्जाच्या हप्त्यासाठी महिन्याला बसतो, तसं पोत्यासाठीही बसू.

कोणतं पोतं घ्यायचं

दुकानात स्टार्टर, ग्रोअर, फिनिशर, लेअर अशी नावं असतात. ही नावं कोंबडीच्या वयाची आणि कामाची आहेत. पिल्लांना पहिले आठ आठवडे पिल्लांचं खाद्य. त्यात प्रथिनं जास्त, वीस टक्क्यांच्या आसपास असतात. पुढे पहिलं अंडं येईपर्यंत ग्रोअर, सोळा टक्क्यांचं. अंडं सुरू झालं की लेअर.

लेअर खाद्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, तीन टक्के किंवा त्याहून जास्त असतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला तो लागतो. पिल्लाला लागत नाही. पिल्लांनी रोज लेअर खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात, पिल्लं मरतात, आणि आपण म्हणतो मानमोडी आली. आपल्या परसात तर कोंबडी आणि तिची पिल्लं एकाच ताटात खातात. तिथे सगळ्यांना पिल्लांचं किंवा ग्रोअर खाद्य घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला गरज आहे ती कोंबडी तो आपणहून खाते.

फिनिशर मांसाच्या कोंबडीसाठी आहे. त्यावर अंड्याची कोंबडी चरबी धरते आणि कवच पातळ येतं. पोत्यावर रक्ती हगवणीच्या औषधाचं नाव छापलेलं असेल तर ते खाद्य अंडी देणाऱ्या कोंबडीला घालू नका. त्यातली मोनेन्सिनसारखी औषधं घोड्याला आणि गाढवाला तर थोड्या मात्रेतही मारक आहेत. ज्याच्या दारात टांग्याचं घोडं आहे त्याने पोतं त्याच्या तोंडापासून लांब ठेवावं.

पोतं घेताना तीन गोष्टी पाहा. एक, उत्पादनाची तारीख. तारीख नसलेलं किंवा फाडलेलं लेबल असेल तर पोतं परत. दोन, ओलावा. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३७४ या मानकात कोंबडी खाद्यातला ओलावा ११ टक्क्यांपर्यंतच चालतो. आपल्याकडे यंत्र नाही, हात आहे. मूठ भरून दाबा. मूठ उघडल्यावर खाद्य मोकळं झालं पाहिजे, लाडू राहता कामा नये. तीन, वास. ताज्या खाद्याला भरड्याचा वास येतो. कुबट किंवा खवट वास आला तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका.

आणि पावती मागा. बियाण्याची पावती आपण आता मागायला शिकलो, खाद्याचीही मागा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या मालाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचा हक्क आहे. पण पावती नसेल तर जिल्हा आयोगापुढे काय दाखवणार?

घरचं काय चालतं, काय चालत नाही

आता तुम्ही विचाराल, घरात ज्वारी आहे, सरकीची ढेप आहे, मग विकत कशाला?

ज्वारी चालते. ताकदीला ती मक्याच्या जवळपास आहे. पण तिच्यात प्रथिनं नऊ-दहा टक्केच. सोळा टक्क्यांच्या लेअर खाद्यात निम्मी ज्वारी मिसळली तर प्रथिनं तेरावर येतात आणि कॅल्शियम निम्मं होतं. मग अंडी कमी झाली की कोंबडीला दोष! ज्वारी द्यायची तर मूठभर, संध्याकाळी, आणि शिंपल्यांचा चुरा कायम समोर. ज्वारीने बलक फिका येतो, त्याला शेवग्याचा पाला किंवा लसूणघास घाला.

सरकीची ढेप मात्र कोंबडीला नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. बैलाच्या, म्हशीच्या पोटात ते बरचसं निष्प्रभ होतं, कोंबडीच्या पोटात होत नाही. ढेप खाणाऱ्या कोंबडीचं अंडं चार दिवस ठेवलं की बलक हिरवट-तपकिरी पडतो. गिऱ्हाईक एकदा तसं अंडं फोडतं आणि पुन्हा तुमच्या दारात येत नाही. जनावरांचं सुग्रासही नको, त्यात युरिया असू शकतो.

पेरणीतून उरलेलं रंगीत बियाणं तर नाहीच नाही. ज्वारीच्या बियाण्याला थायरम चोळलेलं असेल तर कोंबडी मऊ कवचाची अंडी घालते, आणि पिल्लांचे पाय वाकडे होतात. धुऊन घालू असं म्हणू नका. ते पुरून टाका.

आणि काळी ज्वारी. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस झाला की ती काळी पडते. मोंढ्यात तिला भाव नाही, म्हणून आपण म्हणतो कोंबड्यांना घालू. काळी ज्वारी म्हणजे बुरशी लागलेली ज्वारी. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही खेड्यांत अशीच भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तपासणीत धान्यात बुरशीचं विष सापडलं. जे माणसाला बाधतं ते दीड किलोच्या कोंबडीला बाधणार नाही का?

बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं मेली. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग लागला. पेंडीला बुरशी लागली होती. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली, तेही याच विषाने.

कोंबडीत हे विष हळू काम करतं. आधी ती कमी खाते, मग अंडी कमी होतात, तुरा फिका पडतो. अंगातली रोग अडवायची ताकद जाते. मानमोडीची लस टोचूनही ती लागू पडत नाही. आपण लसीला शिव्या देतो आणि पोत्याकडे पाहत नाही.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सादळलेलं खाद्य उन्हात घातलं तर ओल जाते, बुरशीही दिसेनाशी होते, पण विष जात नाही. शिजवूनही जात नाही. गाठी चाळून उरलेलं घालणं, चांगल्यात थोडं थोडं मिसळून खपवणं, हे सगळं कोंबडीला विष चारणंच आहे. शेळ्या-बैलांपुढेही ते टाकू नका. खड्डा करा आणि पुरा.

ठेवायचं कुठे

आपल्या पूर्वजांनी पेवं आणि बळदं बांधली, ओल आणि किडीपासून ज्वारी राखली. ती अक्कल आपल्याकडे आहे, फक्त पोत्याला लावायची आहे.

पोतं जमिनीवर नको. चार विटा आणि फळी टाका. भिंतीपासून हातभर सोडा, पावसाळ्यात भिंतीला ओल चढते. पत्र्याच्या अगदी खाली नको. तिथे दिवसा खाद्य भाजतं आणि पहाटे पत्र्याचं पाणी ठिबकतं. झाकणाची कोठी असेल तर पोतं पोत्यासकट कोठीत ठेवा, म्हणजे उंदीर आणि त्याचं मूत दोन्ही लांब राहतात. नवं खाद्य जुन्यावर ओतू नका. आधी तळ झाडून घ्या, कारण बुरशी तळाच्या भुग्यात वाट पाहत असते. कोरड्या वाटीनेच काढा आणि तोंड सुतळीने बांधा.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. फवारणीचं औषध, पंप, खताची गोणी आणि कोंबडीचं खाद्य एका खोलीत नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसं गेली. त्या डब्यांचा एक थेंब पोत्यावर सांडला तर कोंबड्या जातील, आणि जगल्या तर अंड्यातून ते पोरांच्या ताटात येईल. धान्यात टाकायच्या विषारी वायूच्या गोळ्याही खाद्यात कधीच टाकू नका. कीड लागण्याआधी संपेल एवढंच आणा.

तर मायबहिणींनो, घरी गेल्यावर तीन कामं करा. पोत्यावरची तारीख वाचा. कोंबड्या मोजा आणि महिन्याला किती किलो लागतं त्याचा भागाकार मांडा. आणि औषधाचा डबा त्या खोलीतून हलवा. पुढच्या बाजाराला चार शेजारणी मिळून एक पोतं आणा. लेबल, पावती आणि मूठभर खाद्य एका कोरड्या पिशवीत बांधून ठेवा. कोंबड्या आजारी पडल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवायला ते हाताशी राहील.

कापसाचा भाव आपल्या एकट्याच्या हातात नाही, त्यासाठी असे मेळावे भरवावे लागतात. पोत्याचं तोंड मात्र आपल्या हातात आहे. ते घट्ट बांधा.