गॅलरीतून पाहिलेला खटला

(वाचनकट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरवाला माणूस, साहित्यावर बोलताना जरा धाकधूक होते. पण हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चं नाव निघालं आणि मी लगेच हात वर केला. १९६० साली आलेली ही कादंबरी मी दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा ती मला वेगळीच दिसली.

पहिल्यांदा वाचली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. काळ १९३०च्या दशकातला, गाव अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं मेकोम्ब, काल्पनिक. स्काउट नावाची लहान मुलगी सगळं पाहते. तिचे वडील अ‍ॅटिकस फिंच टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय तरुणाचे वकील. आरोप गोऱ्या मुलीवर बलात्काराचा. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. तिचा बाप डावखुरा. टॉमचा डावा हात तर लहानपणीच कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालेला. मी म्हटलं, झालं, सुटला! इनपुट बरोबर, मग आउटपुट चुकेलच कसं? ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही.

पुरावा कुठेच कमी नव्हता. तो तोलणारे बाराही जण गोरे पुरुष होते. आणि हे काही लेखिकेने मनाने रचलेलं नाही. १९३१ साली अलाबामातच, स्कॉट्सबरो प्रकरणात, नऊ कृष्णवर्णीय मुलांवर असाच खोटा आरोप झाला होता. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातली शिक्षा रद्द केली, कारण कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पद्धतशीर बाहेर ठेवलं जात होतं. त्यानंतरही खटले चालूच राहिले.

दुसऱ्यांदा वाचली गेल्या वर्षी, आणि या वेळी थांबलो कॅलपर्निया या स्वयंपाकिणीपाशी. ती मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. तिथे तिची बोली एकदम बदलते. स्काउट चक्रावते: नीट बोलता येतं, तर इथे असं का? तिचं उत्तर साधारण असं, की आपल्या माणसांत गोऱ्यांसारखं बोलले तर ते शोभणार नाही. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरी आमची दखनी, शाळेत पुस्तकी मराठी, कामावर इंग्रजी. ‘तुझं मराठी इतकं चांगलं कसं रे?’ हा प्रश्न तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? (हसू नका, हात वर करा.)

म्हणजे पहिल्या वेळी मी अ‍ॅटिकसच्या खांद्यावर बसून पुस्तक वाचलं होतं. माझी जागा तिथे नव्हतीच. कोर्टात कृष्णवर्णीय लोक वर, गॅलरीत बसतात. खाली जागा नाही म्हणून स्काउट, तिचा भाऊ जेम आणि मित्र डिलही तिथेच बसतात. सरकारी वकील टॉमशी ज्या तुच्छतेने बोलतो, ते ऐकून डिलला रडू फुटतं. वरच्या मोठ्या माणसांपैकी कुणी असं रडत नाही. त्यांना तो सूर रोजचाच असणार.

इथेच माझी या पुस्तकाबद्दल तक्रार आहे. मुलीच्या डोळ्यांनी खूप दिसतं, पण टॉमचं घर दिसत नाही. तुरुंगातून पळताना त्याला १७ गोळ्या घालतात. ती बातमी ऐकून त्याची बायको हेलन जमिनीवर कोसळते. डिल ते पाहतो, तो स्काउटला सांगतो, आणि स्काउट आपल्याला. एका बाईच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस, आणि तो आपल्याला मिळतो ऐकीव.

निकालानंतर अ‍ॅटिकस बाहेर पडतो तेव्हा सगळी गॅलरी उभी राहते. हा प्रसंग वाचताना मी दोन्ही वेळा रडलो, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्यांदा डोळे पुसताना मनात आलं, हे सगळे उभे राहिले ते वकिलासाठी. आत्ताच दोषी ठरलेला टॉम त्या क्षणी काय पाहत होता, हे पुस्तकात कुठेच नाही. तुमच्यापैकी कुणाला तो प्रसंग टॉमच्या बाजूने लिहून बघायचा असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. मीही बसणार आहे लिहायला.