पाण्याखालचा कोलाहल

डोंबिवलीच्या नागरिकाला आवाज म्हणजे काय हें सांगावयास नको. पहांटेच्या पहिल्या लोकलपासून रात्रीच्या शेवटच्या लोकलपर्यंत रुळांचा खडखडाट, रस्त्यावरील कर्णे आणि सणासुदीचे ध्वनिवर्धक यांच्या संगतींतच त्याचें आयुष्य जातें. या कोलाहलाला निदान कायद्याचें माप तरी आहे. २००० सालीं केंद्र सरकारनें ध्वनिप्रदूषणाचे नियम केले; निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घातलेली आहे. ती कितपत पाळली जाते याचा हिशेब गणेशोत्सवांत ज्याचा त्यानें करावा! पण त्याच नियमांच्या कोष्टकांत औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता असे जे चार विभाग आहेत, ते चारही जमिनीवरचे आहेत. गांवाच्या पश्चिमेस रेतीबंदराशीं उल्हासची खाडी लागते. त्या पाण्याच्या पृष्ठभागापाशीं कायद्याचा कान संपतो.

ध्वनीचा प्रवास मात्र तेथें संपत नाहीं. उलट तो वेग घेतो. १८२६ सालीं जिनीव्हाच्या सरोवरांत कोलाडोन आणि स्टुर्म या दोघांनीं पाण्याखालीं घंटा वाजविली, त्याच क्षणीं वर बंदुकीच्या दारूचा उजेड केला, आणि सुमारें १३ किलोमीटर दूर दुसऱ्या नावेंत बसून, पाण्यांत बुडविलेल्या नळीला कान लावून, तो नाद किती वेळानें येतो हें मोजलें. हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. पाण्यांत तो जवळजवळ १,५०० मीटर जातो. प्रकाश पाण्यांत लवकर विरतो. खाडीच्या गढूळ पाण्यांत तर हातभर अंतरावरचें दिसत नाहीं. म्हणून जलचरांनीं डोळ्याचें बरेंचसें काम कानावर सोंपविलें आहे.

मासा मुका असतो ही समजूत फार जुनी आणि फार चुकीची. घोळ, कोत, धोमा हीं कोळणीच्या टोपलींतलीं ओळखीचीं नांवें. हे सारे एकाच कुळांतले, आणि हें कूळ मोठें बोलकें. पोटांतील वायूच्या पिशवीवर स्नायूंचे आघात करून यांतील नर ढोलकीसारखा ध्वनि काढतात, आणि विणीच्या दिवसांत सायंकाळीं त्यांचे थवेच्या थवे एका सुरांत घुमूं लागतात. घोळीच्या याच पिशवीला कोळी ‘बोत’ म्हणतात, आणि बाजारांत सोन्याच्या भावाची गोष्ट निघते ती तिचीच. जें वाद्य माशाचा संसार उभा करतें, त्याच वाद्यासाठीं त्याचा जीव जातो! मलाया देशांतील जुने कोळी पाण्यांत डोकें बुडवून या आवाजावरून थवा कोठें आहे हें ओळखीत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं हेंच काम यंत्राच्या कानानें केलें असून, झुआरीच्या मुखाशीं आणि ग्रांदे बेटाजवळ माशांचे हे समूहस्वर त्यांनीं नोंदविले आहेत.

या यंत्राला हायड्रोफोन म्हणतात. त्यांतील स्फटिकासारख्या पदार्थावर ध्वनीचा दाब पडला कीं विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो व त्याची नोंद होते. बॅटरी पुरावी म्हणून यंत्र अखंड न ऐकतां ठराविक अंतरानें कांहीं मिनिटें ऐकतें, आणि असें महिनोन्‌महिने तळाशीं पडून राहतें. पुढें त्या नोंदी स्वरांच्या पट्ट्यांत विभागून पाहतात. सेकंदाला हजाराच्या आंतबाहेर कंपनांपर्यंत माशांचे नाद. दोन हजारांपासून वीस हजारांपर्यंत, नांगी फटकारून बुडबुडा फोडणाऱ्या चिमुकल्या कोळंबीची तडतड. आणि लाखाच्याही वर, मानवी कानाला अगम्य असे पोरपॉइसचे टिकटिक ध्वनि. जहाजांचा घुमारा बहुतांशीं खालच्या पट्टींत पडतो, म्हणजे नेमका माशांच्या बोलण्यावर.

येथें एक सावधगिरी हवी. पाण्यांतला डेसिबल आणि हवेंतला डेसिबल एक नव्हे. दोहोंचें मूळ माप निराळें आहे. पाण्यांतील आंकड्यांतून सुमारें ६२ वजा केल्यावरच हवेशीं कांहींशी तुलना होते. ‘समुद्रांत विमानाएवढा आवाज’ असे मथळे वर्तमानपत्रांत येतात, ते बहुधा ही वजाबाकी विसरून लिहिलेले असतात.

म्हणून हानि होतच नाहीं असें मात्र नव्हे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एकाच ठिकाणीं १९६४ ते १९६६ आणि २००३ ते २००४ या काळांत घेतलेल्या नोंदींची तुलना केली, तेव्हां खालच्या पट्टींतील आवाज १० ते १२ डेसिबलांनीं चढलेला आढळला. याहून बोलका पुरावा एका दुर्दैवी योगायोगानें मिळाला. सप्टेंबर २००१ मधील न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर कांहीं दिवस जहाजांची ये-जा मंदावली. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरांत त्या दिवसांत पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलांनीं उतरला, आणि तेथील देवमाशांच्या विष्ठेंतील मानसिक ताणाचीं द्रव्येंही त्याबरोबर उतरलीं. आधींच्या मोजण्या हातीं होत्या म्हणूनच हें कळलें.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर याची गरज दोन ठिकाणीं विशेष आहे. पहिलें ठिकाण मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतींचें सुमारें २९ चौरस किलोमीटरांचें क्षेत्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें. तेथील पाण्यांत डॉल्फिन फिरतात, आणि ते पाहावयास यंत्राच्या होड्याही फिरतात. शिकाऱ्याला अभयारण्याची सीमा अडवूं शकते. सीमेबाहेरील इंजिनाच्या घरघरीला ती दिसतच नाहीं.

दुसरें ठिकाण डोंबिवलीकरांच्या घरचें. ठाण्यापाशीं उल्हासला दोन वाटा फुटतात: मोठी घोडबंदरावरून वसईकडे, लहान व अरुंद अशी ठाण्याच्या खाडींत. ही ठाण्याची खाडी २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ सालीं रामसरच्या यादींत गेली. पक्षी मोजणारे तेथें दुर्बिणी घेऊन येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या खाडीवर पुलामागून पूल उभे राहतात, तिच्या तळाशीं खांब रोवण्याचे ठोके कसे पोंचतात हें दुर्बिणींतून दिसत नाहीं.

यासाठीं परदेशांतील माप जसेंच्या तसें उचलावें काय? युरोपांत जहाजांच्या आवाजासाठीं ६३ आणि १२५ कंपनांच्या पट्ट्या मोजतात. २०२२ सालीं तेथें मर्यादाही ठरली कीं, सागरी क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भागावर सततच्या आवाजाचा उपद्रव होऊं नये. परंतु उथळ पाण्यांत जाड स्वर चालतच नाहीं. पाणी ५ मीटर खोल असेल तर, तळ टणक धरला तरी, सुमारें ७५ कंपनांखालचा ध्वनि दूर जाऊं शकत नाहीं. चिखलाच्या तळावर तर हा उंबरठा आणखीच वर जातो. तेव्हां खाडींत ६३ चा पट्टा मोजून ‘येथें शांतता आहे’ असा दाखला देणें म्हणजे बंद खिडकींतून पाऊस नाहीं म्हणण्यासारखें होय. खाडीचें मोजमाप वरच्या पट्ट्यांतच घ्यावयास हवें. शिवाय भरती-ओहोटीचा प्रवाह यंत्रावरून वाहतांना स्वतःच घरघरतो, नांगराची साखळी किणकिणते, आणि थोड्याच आठवड्यांत यंत्रावर शिंपल्यांचे थर चढतात. हे खोटे आवाज वेगळे काढणें हेंच या कामांतलें खरें कष्टाचें काम.

तुलनेसाठीं या किनाऱ्याला मात्र एक सोय आपोआप लाभली आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि मालवणच्या जलक्रीडाही पावसाळ्यांत थांबतात. इंजिनें बंद असतांना समुद्र कसा वाजतो हें ऐकण्याची ही संधि; फक्त त्याच दिवसांत लाटा, वारा आणि पाऊस यांचा गोंगाट शिगेला असतो, हलक्या सरीचा सूरदेखील १५ हजार कंपनांच्या आसपास स्पष्ट उमटतो. म्हणून जून विरुद्ध जानेवारी अशी ढोबळ तुलना फसवी ठरते. यंत्र जुलैच्या मध्याला तळाशीं ठेवून ऑगस्टच्या मध्याला काढावें, शेजारीं वाऱ्याची व पावसाची रोजची नोंद ठेवावी, आणि सारख्याच वाऱ्याच्या दोन रात्री, एक बंदी उठण्याच्या आधींची व एक नंतरची, जोडीनें लावून ऐकाव्या. त्या दोन रात्रींमधील जो फरक उरेल, तो होड्यांचा.