आजीचं आडनाव
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतही आदिवासी आहेत का, आणि असले तर त्यांच्या जमिनीचं काय झालं, असं पुष्कळ जण विचारतात. म्हणून आज आम्ही तिथल्या एका आदिवासी बाईंची गोष्ट सांगतो. नाव जॉय हार्जो. त्या कविता करतात, गातात आणि सॅक्सोफोन नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवतात.

त्यांचा जन्म १९५१ चा, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातला. जमात मस्कोगी. पण मस्कोगी मूळचे तिथले नव्हेत. त्यांची गावं, शेतं, नद्या खूप लांब, पूर्वेला अलाबामा आणि जॉर्जियात होत्या. गोऱ्यांना ती जमीन कापसासाठी पाहिजे होती. १८३० साली सरकारनं आदिवासींना हलवायचा कायदा केला, आणि १८३६ साली लष्करानं मस्कोगींना बायकापोरांसकट हाकलत नेलं. वाटेत आणि पोचल्यावर थंडीनं, उपासानं, रोगानं हजारो माणसं मेली. नवी जमीन मात्र तुमचीच राहील, असं तहात लिहून दिलं होतं.

पुढं १९०१ च्या करारानं जमातीची ती सामाईक जमीन माणशी १६० एकर अशी वाटून टाकली. कागदावर जो तो मालक झाला. पण मालक एकेकटा सापडला, की त्याला फसवणं सोपं जातं. कुणाची जमीन करापायी गेली, कुणाची फसवून घेतलेल्या सहीपायी. बहुतेक जमीन अशीच गेली.

अशा लोकांत जॉयबाई वाढल्या. सावत्र बाप मारकुटा होता. त्या घर सोडून सांता फे इथल्या आदिवासी कलाशाळेत गेल्या. लहान वयात आई झाल्या. लेकरं सांभाळत न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकल्या. आधी डॉक्टर व्हायचं होतं, मग चित्रकार, आणि शेवटी कवितेत रमल्या. जन्माचं आडनाव फॉस्टर. ते सोडून त्यांनी आपल्या मस्कोगी आजीचं, हार्जो हे आडनाव घेतलं.

२०१९ साली त्या अमेरिकेच्या राष्ट्रकवी झाल्या. एका आदिवासी माणसाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. तो त्यांनी एकटीपुरता ठेवला नाही. ४७ आदिवासी कवींचा एक नकाशा त्यांनी करवला. नकाशावर आपलं गाव कुठं दाखवायचं, ते त्या त्या कवीनं ठरवलं. पूर्वजांना जिथून हाकललं त्या जमिनीवर परत जाण्याबद्दलचं त्यांचं कवितांचं पुस्तकही त्याच वर्षी आलं.

पुढच्याच वर्षी, ९ जुलै २०२० ला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: संसदेनं मस्कोगींचा राखीव प्रदेश कधीच कायद्यानं मोडलेला नाही, म्हणून तो अजून कायम आहे. हा प्रदेश सुमारे ३० लाख एकरांचा. टल्साचा मोठा भागही त्यातच येतो. नीट समजून घ्या, गेलेल्या जमिनीची मालकी या निकालानं परत आली नाही. खटला फौजदारी होता, प्रश्न गुन्हे कुणी चालवायचे हा होता. पण तहातला शब्द जिवंत आहे, हे न्यायालयाला मान्य करावं लागलं.

कवितेनं खटला जिंकला असं आम्ही म्हणत नाही. निकाल कागदावर लागला. पण कागदात ज्या लोकांचं नाव आहे, ते लोक आपलं नाव, भाषा, वाट विसरले असते, तर तो कागद कुणाच्या कामी आला असता?

आपल्याकडं वनहक्काच्या नियमांत गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा धरतात. देवाची जागा कुठं, जुना पाडा कुठं, कुठल्या ओहोळाला काय नाव, हे त्यांना ठाऊक आहे. पुढच्या ग्रामसभेआधी प्रत्येक पाड्यानं त्यांना बसवून विचारावं, सगळं लिहून घ्यावं, गाणीसुद्धा. आणि वैयक्तिक दाव्याबरोबर सामूहिक दावाही टाकावा. एकेकट्या मालकाचं काय होतं, ते मस्कोगींनी भोगलं आहे.

जिंदाबाद!