सोनेतारण कुठं ठेवायचं?



संमेलनाच्या अध्यक्षानं आपल्या व्यवसायाच्या दशेवर आणि दिशेवर बोलावं, अशी प्रथा आहे. दशा तुम्ही रोज भोगता आणि दिशेबद्दलचे माझे अंदाज आजवर चुकतच आलेत. म्हणून एका लहान गोष्टीवर बोलतो. कार्ड सॉर्टिंग झालं, म्हणजे सेवांची नावं लिहिलेली कार्डं लोकांनी आपापल्या समजुतीनं गठ्ठ्यांत लावली आणि ते चहा पिऊन घरी गेले. आता टेबलावरच्या गठ्ठ्यांचं करायचं काय?

काही वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेच्या अ‍ॅपसाठी आम्ही खातेदारांना कार्डं लावायला बसवलं होतं. पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी ‘सोनेतारण कर्ज’ हे कार्ड बाकीच्या कर्जांकडे न नेता सरळ ‘लॉकर’वर ठेवलं. माझ्या शेजारच्या पोरानं वहीत फुली मारली. मी कारण विचारलं, तर बाई म्हणाल्या, “सोनं तिथंच असतं की!” बँकेला त्यात कर्ज दिसत होतं, बाईंना आपल्या पाटल्या. मग ती फुली नक्की कुणाच्या नावावर पडायला हवी होती?

हा पेच जुना आहे. अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका दाखवून विचारलं, यातलं वेगळं कोणतं? ओंडका बाजूला काढायला अनेकजण तयारच होईनात. ओंडका नसेल तर करवत आणि कुऱ्हाड चालवायची कशावर? आपल्या अहवालांत अशा उत्तरांना ‘नॉइज’ म्हणतात. मला हा शब्द अजिबात आवडत नाही.

आता आकड्यांकडे येतो. त्याच कामात ‘पीक विमा’ आणि ‘पीक कर्ज’ ही कार्डं निम्म्या लोकांनी एकत्र ठेवली होती. कोणती दोन कार्डं किती जणांनी एकत्र ठेवली ते दाखवणाऱ्या साम्याच्या तक्त्यात ५० टक्के दिसले आणि आम्ही लिहून टाकलं, ‘संबंध मध्यम’. प्रत्यक्षात मध्यम मताचा माणूस तिथं जवळजवळ नव्हताच. जुने कर्जदार ठामपणे विमा कर्जाजवळ ठेवत होते. २०१६च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत कर्जदार शेतकऱ्याला विमा सक्तीचा होता आणि हप्ता कर्जखात्यातूनच वळता व्हायचा. २०२०च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. पुढं ज्यांनी स्वतः केंद्रावर जाऊन अर्ज भरले, ते तितक्याच ठामपणे विमा ‘सातबारा जोडा’च्या शेजारी ठेवत होते. त्यांच्या लेखी ते सेतूतलं काम. एका सरासरीनं दोन्ही पक्षांच्या तोंडाला पानं पुसली. तक्ता बघण्याआधी एकेकाची मांडणी उलगडून बघा, असं मी म्हणतो ते या ठेचेनंतर.

एक शंका तेव्हाच यायला हवी होती. दोन्ही कार्डांवर ‘पीक’ हा शब्द होता. घाईत माणूस अर्थ लावत बसत नाही, अक्षरं जुळवतो. म्हणजे त्या ५० टक्क्यांतले काही खुद्द आमच्याच लेखणीचे. दुसऱ्या फेरीत आम्ही एका कार्डावर ‘पेरणीसाठी उचल’ असं लिहिलं. थोडे लोक हलले, बरेच जागेवर राहिले; मग कुठं त्या गठ्ठ्यावर विश्वास बसला.

डेंड्रोग्राम, म्हणजे जवळची कार्डं फांद्यांसारखी जोडत जाणारी आकृती, तिच्याबद्दल थोडक्यात. ते झाड छान दिसतं आणि बैठकीत साहेब लोकांना फार आवडतं. पण छेद वर घेतला तर चार फांद्या, खाली घेतला तर नऊ. गटांमधलं अंतर मोजायची पद्धत बदलली तर झाडाचा आकारही बदलू शकतो. छेद कुठं घ्यायचा, हे आपण ठरवतो आणि सांगताना मात्र ‘डेटा असं म्हणतो’ म्हणून मोकळे होतो.

माणसं किती हवीत, हा प्रश्न दर संमेलनात येतो. टलिस आणि वुड यांचा २००४चा अभ्यास आपण सगळेच फेकतो: १६८ जणांच्या मांडणीशी ताडून पाहिलं, तर २० ते ३० जणांत चित्र बरंचसं स्थिर होतं. खरं आहे. पण तो एका कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळाचा मामला होता. सगळे एकाच छपराखालचे. कर्जदार आणि बिगरकर्जदार एकाच टोपलीत घालून तिसाचा आकडा गाठला, तर स्थिर झालेली चूक हाती येते.

शेवटी पुन्हा त्याच बाई. गठ्ठ्यांना नावं द्यायला आम्ही कोरी कार्डं देतो. लॉकर आणि सोनेतारणाच्या गठ्ठ्यावर त्यांनी ‘दागिने’ असं लिहिलं. दुसऱ्या गठ्ठ्यात ‘मुदत ठेव’, ‘जामीनदार’ आणि ‘वारस नोंद’ होती. विषय लागेना, म्हणून मी जरा वाकून बघितलं. त्यांनी सावकाश, जोडाक्षरं जपत लिहिलं होतं: ‘ह्यांना विचारून करायची कामं’.

सॉफ्टवेअर जोड्या मोजतं. नावांची एकवाक्यता आपण हातानं करतो. त्या रात्री मी ती केली. अहवालात तो गठ्ठा ‘खाते सेवा’ या नावाखाली गेला.