देवाची वकिली

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात तिसगाव येथे केलेले भाषण)



आज आनंदाचा दिवस आहे, पण मला एक चूक कबूल करायची आहे. आपल्याकडं दहाव्याला प्रवचन असतं. काही वर्षांपूर्वी एका गावी असाच गेलो होतो. बावीस वर्षांचा पोरगा. रात्रीची लाईट, कांद्याला पाणी भरताना पान लागलं. मी नेहमीसारखं सांगितलं, पूर्वजन्मीचं संचित, भोगल्याशिवाय सुटका नाही. लोकांनी माना हलवल्या. निघताना त्याची आई समोर आली. म्हणाली, "म्हाराज, माझ्या पोराचं कोणतं पाप व्हतं तेवढं सांगून जा. त्याला सोताला ठाऊक नव्हतं, तुम्हाला ठाऊक नाही, मंग ही शिक्षा कशाची?"

मला उत्तर आलं नाही. तेव्हापासून विचार करतोय. आपण कीर्तनकार देवाची वकिली करतो, पण ती खटल्यात टिकत नाही.

पहिली वकिली पूर्वकर्माची. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना कूस कोसळली आणि चोखोबा मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. साल 1338. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारी, नामदेव पायरीजवळ आहे. देवळाबाहेर. चोखोबांचं दुःख पूर्वकर्माचं म्हणायचं, तर त्यांना दारात अडवणारे बरोबर ठरतात. हेच सांगून दार बंद ठेवलं. 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा ते हरिजनांना उघडलं. सहाशे वर्षं गेली त्यात. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, त्यानं तर देवालाच रोखठोक जाब विचारला. त्याचे अभंग आपण नास्तिकाचे म्हणून टाकले नाहीत, संतांच्या मेळ्यात ठेवले.

दुसरी वकिली, देव परीक्षा पाहतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटेची वेळ. किल्लारीकडची माणसं गणपती बोळवून झोपली होती. भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं, हजारो माणसं गेली. त्यात पाळण्यातली लेकरं होती. मी चौथी शिकलेला माणूस, पण मलाही एवढं कळतं की ज्याला पेपर वाचता येत नाही त्याची परीक्षा घेत नसतात.

तिसरी वकिली, देव करतो ते भल्यासाठीच. 1972 चा दुष्काळ मी पाहिलाय. आमच्या आयांनी खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली. आम्ही पोरांनी सुकडी अन् मिलो खाल्ली. दुष्काळ भल्यासाठीच असता, तर तहानलेल्याला पाणी देणारा देवाच्या कामात आडवा आला म्हणायचा. असं कोण म्हणंल? कुणी म्हणतात, दुष्काळ पडला म्हणून तुकोबा संत झाले. मला सांगा मायबाप, त्या दुष्काळात त्यांची थोरली बायको अन्नावाचून गेली. तिच्या वाट्याला काय आलं? नवरा मोठा झाला म्हणून तिची भूक फिटत नाही.

आणि तुकोबांनी काय केलं ते बघा. घरचीच सावकारी होती. दुष्काळानं कुळं मोडली होती. ही तुमच्या कर्माची फळं, असं त्यांनी कुळांना सांगितलं नाही. आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली.

मग कर्मसिद्धांत खोटा का? मी लहान माणूस, शास्त्र मोडायला उभा नाही. माझं म्हणणं एवढंच की तो स्वतःपुरता आहे. माझ्या पायाला काटा मोडला तर मी म्हणावं, बाबा, वाट बघून चालायला पाहिजे होतं. दुसऱ्याच्या पायातला काटा मात्र आधी काढावा. त्याला त्याचं कर्म सांगत बसू नये.

आणि देवाशी भांडण? नामदेवराय भांडले, जनाबाई भांडल्या, तुकोबा भांडले. परक्याशी कोण भांडतं? देव नाही असं वाटलं असतं तर ते भांडलेच नसते.

त्या वर्षी आपल्या दिंडीतल्या आठ-दहा जणांनी जाऊन त्या माऊलीचा कांदा काढून दिला. प्रवचन कुणी केलं नाही. पुढच्या आषाढीला ती आपल्याबरोबर चालली. कळस दिसला, सगळ्यांनी हात जोडले, तिनं जोडले नाहीत. मी काही बोललो नाही. तिच्या शेजारी उभा राहिलो. अजून ती दरसाल येते.

आपली दिंडी शंभर वर्षांची झाली. पुढच्या मंडळींना हात जोडून एकच मागणं. दहाव्याला जा, पण देवाच्या वतीनं कारण सांगू नका. त्या घरचं पाणी भरायचं राहिलंय का, ते आधी विचारा.

रामकृष्ण हरी.