घारापुरीच्या टेकडीवरून



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांची वाणी घुमत आली आहे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयांत झाले. चालकांनी आम्हांला विषय दिला आहे बेटावरच्या भ्रमंतीचा. बेट म्हटले की नारळीची बने, पांढरी वाळू आणि अंदमान डोळ्यांपुढे उभे राहते. आम्ही मात्र आपल्या दारातल्या बेटाविषयी बोलणार आहोत. ते बेट घारापुरी.

घारापुरी हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले बेट. न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की ते समोर दिसते. गेल्या हिवाळ्यात आम्ही युनियनच्या बैठकीत सहज विचारले, "घारापुरी कोणी कोणी पाहिली आहे?" पन्नासांत चार हात वर झाले. त्या पन्नासांत बंदरावर कंटेनर हाताळणारे होते, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखान्यातले होते, खाणीवर आयुष्य काढलेले पाथरवट होते. कारण विचारता एक जण म्हणाला, "भाऊ, आमची सुटी सोमवारी, आणि लेणी बंद असतात तीही सोमवारीच!" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी जाताना ते हसू टिकले नाही.

रविवारची सुटी आपल्याला कोणी ताटात वाढून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १० जून १८९० रोजी ती पदरात पडली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. पण कंत्राटी कामगाराचे दिवस भरत आले की त्याचे नाव हजेरीपटावरून उडते आणि काही दिवसांनी नव्याने चढते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आली. आकडा उतरला, हे बरे झाले. परंतु नाव उडवणारा हात तोच राहिला, तर ते १७९ व्या दिवशीही उडू शकते. म्हणून सहलीची गोष्ट सांगताना हजेरीपटाची गोष्ट आम्हांला टाळता येत नाही.

असो. एका रविवारी आम्ही सदतीस जण निघालो. बायकामुले बरोबर होती, भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. गंमत पाहा, समोर दिसणाऱ्या बेटावर जायला आम्ही लोकलने मुंबईला गेलो, तेथून गेटवेला, आणि तेथून तासाभराच्या बोटीने पुन्हा आपल्याच किनाऱ्याकडे आलो! बोटीत चढताना आम्ही प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट घालायला लावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर प्रवाशांच्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे गेली. सहलीला निघालेली माणसे त्यांत होती. जाकीट घालताना कोणी कुरकुरले, तर त्याला ही तारीख सांगावी.

धक्क्यावरून छोटी आगगाडी पायथ्याशी सोडते आणि मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. वर लेणे. साधारण सहाव्या शतकातले. पुढ्यात तीन मुखांचा सदाशिव, सुमारे १८ फूट उंच. मंडळी हात जोडून उभी राहिली. आमच्यातला एक वृद्ध पाथरवट मात्र मूर्तीकडे न जाता भिंतीशी गेला. हात फिरवीत तो छतापर्यंत पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, हे वरून खाली कोरत आणले आहे. इथे माल वाया गेला तर दुसरा आणायचा कुठून? अख्खा डोंगर एकच दगड. यांना चुकायची मुभा नव्हती." दोन खांबांना हात लावून त्याने सांगितले, "हे मागाहून बसवलेत." आणि खरोखरच, मोडलेले कित्येक खांब दुरुस्तीत नव्याने उभारलेले आहेत. त्या दिवशी आम्हांला याहून चांगला मार्गदर्शक मिळाला नसता. तुर्भ्याच्या खाणीत त्याची चाळीस वर्षे गेली. त्या विद्येबद्दल कोणी त्याला एक प्रश्न विचारल्याचे त्याला आठवत नव्हते.

हे लेणे कोणी करविले? अभ्यासक कलचुरी राजांकडे बोट दाखवितात. येथे कोरीव लेखाचा एक दगड होता. तो पोर्तुगिजांनी उचलून आपल्या राजाकडे धाडला आणि पुढे तो नाहीसा झाला, असे त्यांचाच इतिहासकार कूतो लिहून गेला आहे. ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तोही आता राणीच्या बागेत आहे. राजाचे नाव हरवले त्याची चर्चा होते. छिन्नी धरणाऱ्यांची नावे कोणी लिहिलीच नव्हती, त्यामुळे ती हरवण्याचाही प्रश्न आला नाही.

लेण्यावरून आणखी चढले की तोफांची टेकडी लागते. इंग्रजी अमदानीतल्या दोन प्रचंड तोफा आज तेथे मुलांना बसायला उपयोगी पडतात. भोवताली सगळा समुद्र. घारापुरीला गोव्यासारखी पुळण नाही; ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि काठाने खारफुटी दाटते. पण वरून जे दिसते ते कोठल्याही पुळणीवरून दिसायचे नाही. एका अंगाला तुर्भ्याची, म्हणजे ट्रॉम्ब्याची, अणुभट्टी. दुसऱ्या अंगाला जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, त्यामागे मुंबई. उत्तरेला २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू. आणि समोर न्हावाशेवा. १९८९ साली सुरू झालेल्या बंदराच्या क्रेनी ओळीने उभ्या.

बंदरावरचा आमचा एक सभासद बराच वेळ गप्प होता. मग त्याने मुलीला खांद्यावर घेतले आणि म्हणाला, "ती डावीकडून चौथी दिसते ना? बाबा तिच्याखाली काम करतो." वीस वर्षे त्याने ते बंदर खालून पाहिले होते. अख्खे पाहिले ते त्या दिवशी.

आम्ही मुलांना त्या क्रेनींच्या मागची जमीनही दाखविली. जासई, दास्तान फाटा, नवघर. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी आपल्या शेतीचा वाजवी मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर तेथे गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले. देखावा पाहताना हेही दिसले पाहिजे.

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. समोर मुंबईची रोषणाई रोज पाहणाऱ्या या माणसांच्या घरी समुद्रतळातून टाकलेल्या तारेने कायमची वीज आली ती २०१८ साली. पायऱ्यांवर काकड्या, कैऱ्या, माळा घेऊन बसणाऱ्या बाया यांच्यातल्याच. आमच्यातल्या एकाने माळेचे दहा रुपये पाडून घेतले आणि फुशारकीने आम्हांला सांगितले. आम्ही त्याला म्हटले, "पगारवाढीच्या बोलणीत तुझ्यापुढे असाच कोणी बसला, तर?" तो उठला आणि दहा रुपये देऊन आला.

तेव्हा श्रोतेहो, आमचे मागणे थोडके आहे. पावसाळा सोडून बेलापूर-नेरूळहून घारापुरीला ठरल्या वेळेची, कामगाराला परवडेल अशा भाड्याची बोट असावी. त्यासाठी नागरिकांनी आणि युनियनांनी मिळून अर्ज करावा, आमची सही पहिली. सोमवारी सुटी असणाऱ्यांना वर्षातून एक दिवस बदलून मिळावा. आणि आपल्या घरी, सोसायटीत, दुकानात जो कोणी काम करतो, त्याला पगार न कापता एक दिवस द्यावा. या शेवटच्या गोष्टीला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. ती आज घरी गेल्यावर करता येईल.