दोनदा पहिला नंबर, तरी सेकंड डिव्हिजनमध्येच

आज पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. रेकॉर्डिंग रात्री साडेअकराला चाललंय, वर्तकनगरातल्या आमच्या घरी. मध्येच फटफट आवाज आला तर समजून घ्या. सायलेन्सर बदललेली एक बुलेट रोज याच वेळेला नाक्यावरून उपवनकडे जाते. आजचा विषय मोटारसायकलचाच आहे, त्यामुळे तिला आज माफ.

विषय आहे स्पीडवे. आपल्याकडे हा खेळ फारसा कोणी पाहिलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, ती काहींनी पाहिली असेल. त्यात मातीचे उंचवटे असतात, गाड्या हवेत उडतात. स्पीडवेचं तसं नाही. लंबगोल, सपाट ट्रॅक. एका रेसमध्ये चार जण, चार फेऱ्या, साधारण एका मिनिटात खेळ खलास. 500 सीसीची गाडी, इंधन मिथेनॉल. आणि ब्रेक नाहीत! वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डाव्या बुटाला लावलेला लोखंडी तळ जमिनीवर टेकवायचा आणि तसंच आडवं जायचं. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा. गुण टीमच्या खात्यात जमा होतात आणि रायडरला पैसेही गुणांच्या हिशोबानेच.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर, कपडे रेशनवर, करमणूक जवळपास नाहीच. सैन्यातून सुटलेली तरुण पोरं घरी आलेली. अशा वेळी स्पीडवेला तुफान गर्दी व्हायला लागली. 1947 ला लीगचे तीन विभाग झाले. वरच्या विभागात सात टीम, त्यातल्या पाच एकट्या लंडनच्या. वेम्बली, वेस्ट हॅम वगैरे. सेकंड डिव्हिजनमध्ये आठ: मिडल्सब्रो, शेफील्ड, नॉर्विच, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, न्यूकॅसल, ग्लासगो आणि विगन. म्हणजे बंदरांची, पोलादाची, गिरण्यांची गावं. ठाण्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपणही "मुंबईचेच की" म्हणत पन्नास वर्षं सेकंड डिव्हिजन खेळतोय.

आता मुद्द्यावर येतो. 1946 ला मिडल्सब्रो पहिलं आलं. तेव्हा त्या विभागाला नॉर्दर्न लीग म्हणायचे. 1947 ला सेकंड डिव्हिजन असं नाव पडलं, परत मिडल्सब्रोच पहिलं. लागोपाठ दोनदा. मग बढती? नाही. पहिला नंबर आला की आपोआप वर, असा नियमच नव्हता. वर कोणाला घ्यायचं ते खेळ चालवणारे ठरवायचे. मिडल्सब्रो 1948 लाही खालीच खेळलं आणि त्या सीझननंतर टीमच न्यूकॅसलला हलवली. दोन विजेतेपदं मिळवलेलं गाव, आणि पुढच्या वर्षी त्या गावात लीगची रेसच नाही.

1948 ला ब्रिस्टल पहिलं. वर घेतलं नाही. 1949 ला पुन्हा पहिलं, तेव्हा कुठे 1950 ला वर गेलं. नॉर्विचचंही तेच. 1950 ला पहिलं, तिथेच राहिलं. 1951 ला पहिलं, मग 1952 ला वर. म्हणजे तीन टीमनी दोन-दोनदा जिंकून दाखवलं. दोन वर गेल्या, एक नाहीशी झाली.

हे मी तीन आठवड्यांपूर्वी वाचलं आणि ती रात्र झोप लागली नाही. कारण सांगतो. माझ्या कंपनीत मला सलग दोन वर्षं सगळ्यात वरचं रेटिंग मिळालं. दोन्ही वर्षं प्रमोशन नाही. पहिल्या वर्षी "बजेट नाही", दुसऱ्या वर्षी "स्लॉट नाही". बाबा म्हणाले, "टिकून राहा, तिसऱ्या वर्षी देतीलच." बाबांनी एकाच कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. ते ब्रिस्टलचं उदाहरण देतायत. पण मी ब्रिस्टल आहे की मिडल्सब्रो, हे आतून कळत नाही ना! गुणतक्ता दोघांचाही सारखाच दिसतो.

आणखी एक गोष्ट. टीम खाली अडकली तरी चांगल्या रायडरला वरचे क्लब पैसे मोजून घेऊन जायचे. रायडर वर गेला की मागे राहिलेल्यांचे गुण कमी व्हायचे. माझ्या टीममध्ये चार ज्युनियर आहेत. त्यातले दोघं हा पॉडकास्ट ऐकतात. म्हणून हे आधी त्यांना समोर बसवून सांगितलं, आता इथे सांगतोय.

मी मॅनेजरला एकच प्रश्न विचारला, "तिसऱ्या वर्षी नेमकं काय वेगळं असेल?" ते चांगले गृहस्थ आहेत. खोटं बोलले नाहीत, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला खरंच माहीत नाही." दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. नवीन ठिकाण ऐरोलीला आहे. पगार थोडाच जास्त आहे, पण काम मला हवं तसं आहे.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. काल रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "त्या नॉर्विचचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, टिकले ते. ओव्ह फुंडिन नावाचा स्वीडिश रायडर त्यांच्याकडे आला, 1956 ला जगज्जेता झाला. पण टीव्ही आला, करमणूक कराने तिकिटाचे पैसे खाल्ले, टीम एकेक करून बंद पडल्या आणि 1957 ला दोन्ही विभाग मिळून एकच लीग उरली. बाबा म्हणाले, "म्हणजे वर-खाली काही राहिलंच नाही," आणि आणखी थोडा भात वाढून घेतला.

तुमच्यापैकी कोणी तिसऱ्या वर्षाची वाट बघत थांबलं असेल तर कळवा. थांबून फायदा झाला असेल तर आधी कळवा, ते ऐकायला मला जास्त आवडेल. चला, भेटू पुढच्या भागात. आली बघा बुलेट.